फोनवर मागितलेली लेक

आमच्या फोनात पोरीच्या नावाच्या जागी तिचा फोटो हाय. मला वाचता येत न्हाई, म्हणून सासरी जाताना तिनंच लावून दिला. म्हणली, "आबा, माझ्या तोंडावर बोट दाबायचं, की मी बोलते." तवापासून मी रोज तिच्या तोंडावर बोट दाबतो. एकदा चुकून शेजारच्या फोटोवर दाबलं आन् ट्रॅक्टरवाल्याला इचारलं, "जेवलीस का ग माय?" तो म्हणला, "जेवलो. तुमी?"

फुकटच्या फोनाचं मी वाईट बोलणार न्हाई. माझी भन सासरी दिली तवा तिचं तोंड बघायला सणाची वाट बघावी लागायची. आता पोरीनं भाजी काय केली ते कढईत डोकावून दिसतंय. आमची म्हैस व्याली, ते तिनं तिकडं सासरी, बोरीला बसून बघितलं. बायको मला वाटलं महिनाभर रडल, तर ती दुसऱ्या दिवशीच पोरीला वरणात हिंग किती घालायचा ते दाखवायली. मी गावभर सांगत सुटलो, "पोरगी सासरी गेलीच न्हाई गड्या, फोनात ऱ्हायला गेली."

वाईट एवढंच, की आमच्याकडं फोन कोणी कानाला लावीत न्हाई. हातात आडवा धरायचा आन् बोलायचं, म्हणजे सगळ्या गल्लीला कळतंय. तिकडं बी तसंच. तिचा फोन सासूच्या बाजंजवळ चार्जिंगला लावलेला. मी इचारायचो, "कशी हायस?"

"बरी हाय."

"खरंच का?"

मागून सासू म्हणायची, "बरीच हाय वं! आमी काय तिला वाळवणात घातलंय का?" सगळे हसायचे. मी बी हसायचो. लग्नाकार्यात मला हसवायलाच बोलावतेत, आपलाच धंदा हाय तो.

पण पोरगी वाळायली व्हती. बायको म्हणायची, उजेड तसा हाय. मी म्हणायचो, फोनच तसा हाय.

आखाड सरता सरता एक दिवस ती कपडे वाळू घालायला फोन घिऊन गच्चीवर गेली. वाऱ्याचा आवाज यायलता. तोंड फोनाला चिकटवून म्हणली, "आबा, यंदा पंचमीला मला न्या. काय बी करा, पण न्या."

"काय झालं ग?"

"काय न्हाई. न्या." आन् फोन बंद.

गेल्या साली तिला पाठवलं नव्हतं. सासूचा गुडघा दुखायला व्हता. आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतेत, पण आपल्या पायानं न्हाई. माहेरचं माणूस न्यायला जातंय, त्याला मुराळी म्हणतेत. भाऊ जातो. तिला भाऊ न्हाई, म्हणून मुराळी मीच. मुराळ्यानं टोपी घालायची, शिदोरी न्यायची, ओसरीवर बसायचं, पावसापाण्याचं बोलायचं, आन् मग हळूच म्हणायचं, "चार दिस पाठवता का?" दारात टोपी घालून बसलेल्या माणसाला न्हाई म्हणायला सासूची बी जीभ रेटत न्हाई.

हे सगळं मला ठावं व्हतं. आन् बोरी काय लांब हाय? आमचं गाव झरीजवळ, जिंतूरच्या गाडीत बसलं की डुलकी लागायच्या आत बोरी येतंय. पण खिशात फुकटचा फोन. म्हणलं, आदुगर इचारून घ्यावं, मग जावं. शेण काढून आलतो. अंगात बनियन, ती बी खांद्यावर फाटलेली. तसाच बाजंवर बसलो आन् पोरीच्या तोंडावर बोट दाबलं. उचलला तिच्या सासऱ्यानं.

"रामराम, पाव्हणं."

"रामराम, इवाई. म्हणलं, पंचमीला पोरीला न्यायला यावं का?"

तो काय बोलंना. मला वाटलं नेट अडकलं. मी फोन हालवला आन् जोरात वरडलो, "ओ इवाई! पोरगी पाठवता का?" गल्लीतलं झोपलेलं कुत्रं उठून गेलं. बायको दारातून खुणा करायली, डोस्क्यावर हात ठिवून. मला वाटलं हिचं डोकं दुखायलंय. ती टोपी म्हणायली व्हती.

फोनातून इहीणबाईचा आवाज आला, "बनियनवर लेक मागायलेत का वं हे? आमी काय शेळी इकायला काढली का?"

मी टोपी घ्यायला उठलो, तर फोन हातात उलटा झाला.

"आता हे काय दाखवायलेत?"

"म्हस हाय," इवाई म्हणला. मग मला म्हणला, "न्हाई जमायचं, पाव्हणं," आन् ठिवून दिला. शेजारच्या चार बायका आपापल्या दारात उभ्या व्हत्या. एक जण म्हणली, "भावजी, शर्ट तरी घालायचा."

दुसऱ्या दिवशी शर्ट घातला, टोपी घातली, धपाट्याची शिदोरी घेतली आन् गेलो. त्यांनी बसा म्हणलं, चहा टाकला. पोरीनं पाणी आणलं. तांब्या देताना तिच्या बांगड्या मनगटावरनं पार कोपरापोतर सरकल्या. फोनात तोंड दिसतंय, मनगट कधी दिसलं नव्हतं.

मी माझा धंदा काढला. म्हशीचं सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं, बनियनची भोकं सांगितली. इवाई हसला. इहीण बी पदराआड हसली. म्हणलं, जमलं. "चार दिस पाठवता का?"

इहीण शांतपणे म्हणली, "दादा, आवो रोज तर दिसती की तुमाला. सकाळी बी, संध्याकाळी बी. आमच्या येळंला आईबाप दिसत नव्हते, म्हणून पंचमीला जायचं. आता कशाला?"

हे तर माझंच बोलणं व्हतं. मीच गावभर सांगितलेलं.

इवाई म्हणला, "आन् मागायचं ते तुमी कालच मागितलं. मी न्हाई म्हणलं ते तुमच्या गल्लीनं बी ऐकलं, आमच्या बी. आज हो म्हणलं तर माझ्या शब्दाला काय ऱ्हायलं?" जावई मान खाली घालून फोनात बघत बसला व्हता.

मनात आलं, उठावं, पोरीचा हात धरावा आन् गाडीत बसवावं. पण चार दिसानं परत कुठं पाठवणार? हितंच की. मग मी काय केलं? चहा पिलो. आणखी घ्या म्हणले, तो बी पिलो. पोरगी चौकटीत उभी व्हती. तीच म्हणली, "जावा आबा, गाडी चुकल."

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बाजूचा माणूस मला वळखायचा. म्हणला, "सांगा की एखादं." मी झोपेचं सोंग घेतलं.

पंचमीला सकाळीच तिचा फोन आला. सासू वारुळाला पूजायला गेली व्हती. म्हणलं, "बोल." तर म्हणली, "बोलायचं काय न्हाई आबा. नुसता चालू ठिवा. चुलीपशी ठिवा." बायकोनं फोन फळीवर मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. तिकडून भांड्याचा आवाज यायचा, इकडून आमचा. बाहेर लिंबाच्या झोक्यावर गल्लीतल्या लेकी गाणी म्हणायल्या व्हत्या, ते बी तिला ऐकू जात आसल. बायको पुरणाची दिंडं उकडायली आन् फोनाकडं पाठ करून बोलायली, "गूळ जरा जास्त झाला बघ. तुला आवडतंय म्हणून तसाच ऱ्हाऊ दिला. शेजारणीची धाकली आलीय, लेकरू लय गोरं हाय. तुझी काकू इचारायलती तुला."

मी शेळीला पाला टाकून आत आलो. फोन काळा झाला व्हता. नेट संपलं का तिची सासू आली, कुणाला ठावं. बायकोला दिसलं नव्हतं. पातेल्यावरचं झाकण काढून ती म्हणली, "ऐकायली न्हवं ग?"

"ऐकायली, ऐकायली," मी म्हणलं. "तू बोल."