घाट दिसला नाही तर

फ्लाइंग क्लबातली माणसं उडतात थोडी आणि बोलतात फार. आभाळ भरून आलं की सगळे हँगरच्या दाराशी खुर्च्या टाकून बसायचे, आणि ते मोकळं होईपर्यंत आणखी एक किस्सा तयार व्हायचा. साठच्या दशकात मी मुंबईच्या क्लबात विमान चालवायला शिकले. मुंबईहून पुण्याला जायचं तर वाट कर्जत-खालापूरवरून, पुढे घाट. त्यामुळे आमचे निम्मे किस्से तिथलेच.

*

आम्हाला शिकवायला दामले सर होते. त्यांचा नियम सोपा. खालापूरवर आलं की समोर घाटमाथा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर परत. आणि मागेही ढग दाटले तर? तर खालापूरजवळच्या कुंभिवलीच्या माळावर उतरायचं.

हा माळ त्यांनी नुसता नकाशावर दाखवला नाही. एका रविवारी सगळ्यांना एसटीनं तिथे नेलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. तिथे राघो ठोंबरे गुरं चारत होते, पन्नाशीचे असतील. सरांनी त्यांना रीतसर विचारलं, अडीनडीला एखादं छोटं विमान इथे उतरलं तर चालेल का?

राघोमामांनी जरा विचार केला. "उतरा की. पन आदी डोक्यावरनं येक फेरी मारा. गुरं हाकलायला येळ लागतो."

सरांनी ते वाक्य आमच्याकडून पाठ करून घेतलं.

*

आमच्याबरोबर शिकणाऱ्या सुधीरची आत्या घाटाच्या पायथ्याशी, भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये राहायची. तिथे फोन होता. पुण्याला निघायचं असलं की सुधीर सकाळी तिला हवा विचारायचा. ढग, वारा वगैरे ती काही सांगायची नाही. अंगणात पापड घातलेत की नाही, एवढंच सांगायची. तेवढ्यावर आमचं ठरायचं.

*

हाच सुधीर एकदा सासऱ्यांना विमानातून पुण्याच्या लग्नाला घेऊन निघाला. कर्जतच्या पुढे घाटावर ढग बसलेले. त्यानं विमान वळवलं. सासरे संतापले. इतकं जवळ येऊन परत फिरणारा जावई आपल्याच नशिबी का, असं सगळ्या क्लबासमोर म्हणाले आणि तडक एसटीनं निघाले.

गाडी संध्याकाळी घाटात पोचली. ढग तेच. हातभर पुढचं दिसेना. कंडक्टर बॅटरी घेऊन गाडीपुढे चालत होता, आणि सासरे खिडकीतून दरीच्या बाजूला बघत बसले होते. लग्न चुकलंच.

मुंबईला परतल्यावर ते थेट क्लबात आले. "जावईबापू," म्हणाले, "परत फिरलात, ते बरं केलंत." त्यानंतर दर दिवाळीला त्यांच्या घरचा फराळ क्लबात येऊ लागला.

*

आमच्यातला वसंता तर पुण्याला जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा तेव्हा खालापूरवरूनच परतला. पुण्यातली त्याची बहीण दर वेळी स्वयंपाक करून वाट बघायची. आम्ही त्याला फार चिडवायचो. पण प्रवासी न्यायची परवानगी द्यायची वेळ आली, तेव्हा सरांनी पहिलं नाव त्याचं घेतलं.

आम्ही कुरकुर केली. सर म्हणाले, "त्याला परत फिरता येतं. पुणं काय, कधीही सापडेल."

*

आणि माझी पाळी. ऑक्टोबर होता, एकटीच निघाले होते. खालापूरवर आले तर समोरचा घाट नाहीसा. वळले, तर मागे कर्जतही पांढऱ्यात बुडालेलं. शेतांत भात उभं, त्यात उतरायची सोय नाही.

माळावरून एक फेरी मारली. खाली एक माणूस घोंगडी फिरवत गुरांमागे धावताना दिसला. मी उतरले.

इंजिन बंद केलं. आतून दार उघडेना. राघोमामांनी ते बाहेरून उघडलं. "ये गं पोरी," एवढंच म्हणाले.

रात्रभर पाऊस कोसळत राहिला. राघोमामांच्या घरी मामींनी मला आपलं लुगडं नेसायला दिलं, चुलीजवळ बसवलं. कोण, कुठली, काही विचारलं नाही.

सकाळी आभाळ लख्ख. राघोमामांनी मला खालापूरच्या पोस्टात नेलं, तिथून सरांना ट्रंक कॉल लावला. माझा आवाज ऐकल्यावर सरांनी आधी हवा विचारली.

"अगदी स्वच्छ आहे, सर. आत्ता निघू शकते. पण मामींनी वडे करायला घेतलेत. घरातनं लेक तशीच धाडायची नाय, म्हणतात."

"मग हवा खराब आहे," सर म्हणाले. "उद्या ये."