रेघेची जाडी

"अगं, उंबऱ्यावर पाय देऊ नकोस, आत्ताच चुन्याची फक्की टाकलीय. दारातनं ये की नीट. घराला दार कशाला ठेवलंय?"

"आई, दार कुठंय?"

"ते काय, रेघ तुटलीय ना, ते दार. रात्रभर वॉर्डात जागलीस म्हणून दारसुद्धा दिसेना झालं होय?"

सूनबाई हसली आणि चपला रेघेबाहेर काढून त्या तुटक्या जागेतून आत शिरली. आत म्हणजे बसडेपोच्या मागच्या मोकळ्या पटांगणातच. वर आभाळ, खाली मुरूम. पण चपला मात्र तिनं बाहेर काढल्या. ते बघून तिच्या सासूला, दोरीमावशीला, आतून गुदगुल्या झाल्या. सकाळपासून येणारा जो तो हेच करत होता. कुणी दाराशी थबकून आवाज देत होतं, "आहे का कोणी घरात?" एका झाडूवालीनं तर शेजारच्या घरातून येताना अख्खा वळसा घातला. भिंतीतून कसं जायचं, म्हणाली.

जिल्ह्यात कारखाने वाढले, इस्पितळ मोठं झालं, बसगाड्या दुप्पट झाल्या. हे सगळं चालवणारी माणसं मात्र तीस-तीस मैलांवरून येत होती, नाहीतर एकेका भाड्याच्या खोलीत कोंबून राहत होती. त्यांच्यासाठी चारशे सोळा घरांची वसाहत होणार, असं सात वर्षं नुसतं ऐकू येत होतं. या वर्षी गृहनिर्माण खात्यात नवीन बाई आल्या, वय तिशीच्या आत, खांद्याला नकाशांची लांब नळी. सगळे त्यांना नकाशेवाल्या मॅडम म्हणायचे. त्यांनी एक भलतंच काढलं. म्हणाल्या, कागदावरचं घर लोकांना कळत नाही, आपण आठ घरांची एक ओळ जमिनीवर खऱ्या मापात आखू. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनी यावं, फिरून बघावं, आपापलं सामान लावून बघावं. दुपारी तीनला कमिटी येईल, तीही त्या घरांतून चालेल आणि मग शिक्का मारेल.

आखायला बोलावलं दोरीमावशीला. दुसरं कोण येणार होतं?

मावशी सोळा वर्षांची असताना बांधकामावर पाणी वाहायला लागली. एकदा मुकादमानं लाईनदोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन तो लांब गेला. वाटेत कुणीतरी भेटलं, तो गप्पा मारत बसला आणि दोरीचं विसरला. अर्ध्या तासानं येऊन बघतो तर पोरगी तशीच उभी, दोरीला इतकाही झोल नाही. त्या दिवसापासून हंडा सुटला आणि दोरी हातात आली. पुढं काटकोन काढायला शिकली. दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारायच्या, तीन माणसं उभी करायची, झाला काटकोन. इंजिनियर लोक दुर्बीण लावून तपासायचे आणि मान डोलवायचे. आता पन्नाशी उलटली होती. गावातलं इस्पितळ, शाळा, बँक, दोन गल्ल्यांतले बंगले, सगळ्यांची पहिली रेघ तिच्या मुठीतून पडलेली. रेघ मारून दिली की तिचं काम संपायचं. त्या रेघेवर पुढं घर उठलं की त्याच्या फाटकातून आत जायचं कारण उरायचं नाही, आणि ती कधी गेलीही नाही.

यादीत तिच्या मुलाचं नाव होतं. मुलगा बसचा ड्रायव्हर, दिवसाची पाळी. सून इस्पितळात आया, रात्रीची पाळी. आणि सात वर्षांची नात. चौघं एका खोलीत. सून सकाळी आठला येऊन झोपायची, तेव्हा घरात चोरासारखं वागावं लागायचं. मावशी भांडी घासायची ती फडक्यावर ठेवून. नात कुजबुजत पाढे म्हणायची, तिला मोठ्यानं बोलायची सवयच राहिली नव्हती, शाळेत बाईंना वाटायचं पोरगी घाबरट आहे. एवढं करूनही कुकरची शिट्टी काही कुजबुजत नाही. सून दचकून उठायची आणि कूस बदलायची. त्या वळलेल्या पाठीनं मावशीला जास्त लागायचं. म्हणून नकाशात मोठ्या खोलीशेजारी दार लावता येईल अशी छोटी खोली बघितली, तेव्हापासून मावशीला बाकी घराशी देणंघेणंच उरलं नव्हतं. तिला पाहिजे होतं ते एक दार. बंद होणारं.

"आला, पलंग आला," पटांगणाच्या कडेनं कुणीतरी ओरडलं.

डेपोतल्या मिस्त्रीनं आपल्या छोट्या टेम्पोत पलंग घालून आणला होता. सहाव्या घरासाठी त्याचं नाव होतं, आणि सकाळपासून तो स्वतःच्या आखीव स्वयंपाकघरात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसला होता. पलंग सूनबाईचा, लग्नातला, शिसवी, चार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. भाड्याच्या खोलीत तो मांडायला जागा नव्हती म्हणून आठ वर्षं सुटा करून भिंतीशी उभा होता, आणि सगळे खाली अंथरूण टाकत होते. त्याच्यावर आठ वर्षांत कुणी झोपलं असेल तर फक्त पाली.

"मावशी, याचा एक बोल्ट सापडत नव्हता, माझ्याकडचा बसच्या सीटचा घातलाय," मिस्त्री म्हणाला. "आता रात्री पलंग सुटला तर तिकीट फाडावं लागेल."

"तुझी बस थांब्यावर तरी थांबते का? पलंग काय थांबणार."

चौघांनी मिळून मावशीच्या, म्हणजे ओळीतल्या पहिल्या घराच्या, छोट्या खोलीत पलंग आडवा मांडला. खोली सात फूट रुंद, पलंग साडेसहा. दोन्ही टोकांना तीन-तीन इंच मोकळे राहिले, जणू मापून शिवलेला सदरा. बाजूला कपाटाची जागा उरली, दाराची रेघ गोल फिरवून बघितली तर दारही मोकळं उघडत होतं. लोक जमले. सून पलंगावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी फळी चाचपली. मावशीच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. ती दोरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून खोलीभर फिरली. इथं खिडकी, इथं खुंटी, इथं पडदा, जाड, काळा, भर दुपारी अंधार पडला पाहिजे असा.

"आई, इथं मागं टेकून बसते मी," सून म्हणाली आणि सवयीनं मागं रेलली.

मागं काय होतं? हवा. ती उताणी पडणार, तेवढ्यात मावशीनं तिच्या पाठीला हात लावला.

"अगं बाई, भिंत यायचीय अजून. थांब, मी होते भिंत. टेक."

सगळे हसले. मावशी पलंगाच्या टोकाशी गेली आणि रेघेवर उभी राहायला लागली, बरोबर मधोमध, टाच आत आणि चवडा बाहेर. टाच ठक्कन पलंगाच्या पायावर आपटली. तिनं पाय जरा बाहेर घेतला. पण बाहेर घेतला तर भिंत रेघेवर राहत नाही. पुन्हा आत घेतला, पुन्हा ठक्क.

"भिंत नाचायला लागली की," मिस्त्री म्हणाला.

मावशी हसली नाही. ती वाकली आणि रेघेपासून पलंगाच्या पायापर्यंत चार बोटं ठेवली. मग पलीकडच्या टोकाला जाऊन तिथंही ठेवली.

तीस-पस्तीस वर्षं तिनं गवंड्यासाठी रेघ मारली होती. गवंड्याच्या हिशेबी रेघ म्हणजे भिंतीचा मध्य, अर्धी भिंत इकडं, अर्धी तिकडं. हे त्याला सांगावं लागत नाही आणि तिलाही नाही. पण आज ती पहिल्यांदाच राहणाऱ्या माणसांसाठी रेघ मारत होती, आणि राहणारा रेघेलाच भिंत समजतो. रेघेला जाडी नसते. भिंतीला असते, सहा इंच, वर दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच गिलावा. म्हणजे ही सात फुटांची खोली आतून भरणार सहा फूट पाच इंच. पलंग साडेसहाचा.

एका इंचानं.

आणि ती स्वतःसुद्धा फसली होती. पस्तीस वर्षं हेच करून, स्वतःच्या घरात शिरल्याबरोबर ती राहणाऱ्यांतली एक झाली.

बारा वाजत आले होते. तीनला कमिटी. गप्प राहिलं तर शिक्का बसेल आणि वर्षभरात घर मिळेल. बोललं तर नकाशा परत जाईल, आणि ही कमिटी पुढं कधी बसेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. सात वर्षांची आठ झाली, नऊ झाली तर? तिनं सुनेकडं बघितलं. सून पलंगावर आडवी झाली होती आणि भर गलक्यात तिचे डोळे मिटायला लागले होते.

मावशीनं आपल्याबरोबरच्या दोन बायांना हाक मारली. डेपोच्या कुंपणासाठी आणलेले सहा इंची ब्लॉक कडेला रचून ठेवले होते. "आणा गं ते. या खोलीपुरते. रेघेवर मधोमध लावा, एकच थर."

लोकांना वाटलं, खेळात आणखी मजा आली. जो तो ब्लॉक उचलायला धावला. दारापासून थर लागत आला आणि पलंगाच्या टोकाशी अडला. ब्लॉक पलंगाच्या पायांना घासून कसेबसे बसले, पण गिलाव्याला अर्धा इंचही उरला नाही.

"पलंग सरकवा जरा," कोणीतरी म्हणालं.

"कुठं सरकवू? पलीकडंही तेच आहे," मावशी म्हणाली. "मॅडमना बोलवा."

नकाशेवाल्या मॅडम आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, वाकल्या, टेप लावली.

"मावशी, नकाशात सात फूटच आहे हो."

"आहे की. मध्यापासून मध्यापर्यंत. पलंग काय मध्यावर झोपतो?"

"मावशी, एका इंचासाठी कशाला घोळ घालताय?" मिस्त्री मध्येच म्हणाला, आता हसू मावळलं होतं. "पलंगाचा इंच कापून देतो मी. करवत आहे गाडीत. नाहीतर झोपा की मोठ्या खोलीत."

"तुझ्या बायकोला लाव रात्रपाळी आणि झोपव मोठ्या खोलीत, टीव्हीखाली. मग माझा पलंग काप," मावशी म्हणाली. "आणि मी एकटीची बोलत नाही. दुकानात जाऊन बघ, पलंग सगळे साडेसहाचेच येतात. चारशे सोळा घरांत चारशे सोळा पलंग कापत फिरणार आहेस का तू?"

मिस्त्री आपल्या सहाव्या घरात गेला आणि छोट्या खोलीत स्वतःचे पाय लावून मोजायला लागला.

"यादीत माझ्या पोराचं नाव आहे, मॅडम," मावशी हळू आवाजात म्हणाली. "मला घाई नाही असं समजू नका. पण रेघ माझ्या हातची आहे. ती खोटी पडलीय."

मॅडम खाली ब्लॉकवर बसल्या आणि नळीतून नकाशा काढून मांडीवर पसरला. "छोटी खोली फूटभर वाढवली तर एका घराला एक फूट. ओळीत आठ घरं, म्हणजे ओळ आठ फुटांनी लांबते. इथं गाड्या उभ्या करायची पट्टी येते."

"किती रुंद?"

"चोवीस फूट."

"मग सोळा उरली की. गाड्यांना चाकं असतात, त्या सरकतात. भिंतीला नसतात."

मॅडमना हसू आलं. त्यांनी फोन लावला आणि पार पटांगणाच्या टोकापर्यंत बोलत गेल्या. लोक पाठमोऱ्या मॅडमकडं बघत उभे. त्या परत आल्या तेव्हा चाल बदललेली होती, जवळजवळ पळतच आल्या.

"साहेब म्हणतात, पट्टीतून घ्यायला हरकत नाही, कमिटीपुढं मांडतो. पण कमिटीला कागदावर सांगून पटणार नाही. तीन वाजता जमिनीवर दिसलं पाहिजे. आठही घरं, नवीन मापात, आणि भिंतींची जाडी दाखवून. होईल का मावशी? तीन तासही नाहीत."

त्यांनी पेन काढून नकाशावरचे सात फूट खोडले आणि तिथं लिहिलं, आतून सात फूट पाच इंच. "आतून" या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आणि सही केली.

मावशीच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. पहिल्या घराची रेघ एक फूट सरकली की दुसऱ्याची दोन सरकते, आठव्याची आठ. अर्धं पटांगण पुसायचं होतं. तिनं पदर खोचला.

"झाडू घ्या गं. जुनी रेघ ठेवायची नाही, नाहीतर कमिटी दोन्हीच्या मध्ये अडकून बसेल. यापुढं एक नाही, दोन रेघा मारायच्या, आत एक, बाहेर एक. मध्ये मुरूम दिसला की ती भिंत. मिस्त्री, मोजून झालं असेल तर ये, फक्कीचं पोतं उचल."

"माझंही कपाट बसत नव्हतं," मिस्त्री पोतं खांद्यावर घेत पुटपुटला.

"मावशी, पलंग हलवायचा का?" एका बाईनं विचारलं.

मावशीनं वळून बघितलं. सून कुशीवर वळून गाढ झोपली होती, भर उन्हात, डोळ्यांवर ओढणी घेऊन. आजूबाजूला चाळीस माणसं ब्लॉक आदळत होती आणि तिला पत्ता नव्हता.

"पलंग जागच्या जागी राहू दे. आपण भिंत हलवतोय." तिनं भेंडोळं सोडलं, एक टोक मिस्त्रीच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन मागं मागं चालू लागली. "धर घट्ट. झोल देऊ नकोस. आणि गप्पा मारत बसू नकोस."