न तापवलेला नीलम

श्रावणातला शेवटचा शनिवार, दुपार. स्थळ सोलापुरात शुक्रवार पेठेतलं सराफाचं दुकान. हजर: मी, माझी थोरली वहिनी, तिचा मुलगा आणि काउंटरच्या पलीकडे सराफ. बचत गटाचं इतिवृत्त लिहून लिहून मला ही सवय लागली आहे. आधी दिवस, मग माणसं, मग विषय. विषय एकच होता. चैत्रात गेलेल्या माझ्या भावाच्या अंगठीतला नीलम तापवलेला आहे की नाही.

ज्यांनी असा खडा कधी घेतला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खाणीतून निघतो तेव्हा नीलम बहुतेक वेळा फिकट नाहीतर ढगाळ असतो. भट्टीत कडक आचेवर तापवला की रंग खुलतो. बाजारात असेच खडे जास्त. सराफाच्या मते त्यात लबाडी नाही, गिऱ्हाइकाला सांगून विकला म्हणजे झालं. पण न तापवताच देखणा असलेला खडा क्वचित मिळतो, म्हणून त्याची किंमत कितीतरी पट. शिवाय त्याचं गाव विचारतात. काश्मीरचा आपल्यासारख्यांनी नुसता ऐकायचा. त्याखाली ब्रह्मदेशचा, मग सिलोनचा, आणि बँकॉकचा काळपट म्हणून स्वस्त. भेगांत काच भरलेला असेल तर तो कुठलाही असो, मातीमोल. हे सगळं मी भाऊ गेल्यावर शिकले.

भावाचं टेंभुर्णीला हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. छातीत दुखायला लागलं तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या, लांबवू नका, असं स्पष्ट सांगितलं. मुलगा पुण्याहून रजा टाकून आला, दवाखान्यात तारीख घेऊन ठेवली. तोवर वहिनी ज्योतिष्यांकडे जाऊन आली होती. साडेसाती चालू आहे, आधी नीलम घाला, मग काय ते करा. सिलोनचाच हवा आणि न तापवलेलाच हवा. तापवलेला खडा म्हणजे भाजलेलं बी, पेरून उपयोग नाही. मुलगा खूप भांडला. वहिनी हटेना, आणि भाऊ मुळातच दवाखान्याला घाबरलेला. शेवटी त्यानंच मुलाला जवळ बसवून सांगितलं की आणतोस तर अस्सल आण. वहिनीनं साठवलेले पैसे काढून दिले. मुलानं मुंबईतल्या ओळखीच्या माणसाकडून खडा आणला. बरोबर कच्ची पावती, प्रमाणपत्र काही नाही.

नीलम एकदम बोटात घालत नाहीत. निळ्या कापडात बांधून तीन रात्री उशाखाली ठेवतात आणि वाईट स्वप्नं पडली तर परत करतात. भावाला स्वप्नंच पडली नाहीत. बऱ्याच आठवड्यांनी तो सलग झोपला. त्याच दिवसांत एका ट्रकमालकानं जुनी उधारी आणून दिली. मानवला, असं तो मला फोनवर म्हणाला, आवाजही मोकळा होता. शनिवारी अंगठी मधल्या बोटात गेली आणि अँजिओग्राफीची तारीख पुढे गेली. मग आणखी एकदा पुढे गेली. आणि एके सकाळी दुकानात बेअरिंगचा खोका उतरवताना तो खाली बसला, तो उठलाच नाही.

तेराव्यानंतर वहिनी पुन्हा ज्योतिष्यांकडे गेली. त्यांनी अंगठी हातात न घेताच सांगितलं की खडा तापवलेला असणार, आणि आणला कुणी म्हणून विचारलं. तिथून घरी आली ती मुलाशी बोलेनाशी झाली. मला मात्र रोज फोन. "पैसं पुरं दिल्तं की मी, वन्सं. ह्यानं हलका आणला." मुलाचाही फोन यायचा. आई मला विचारत नाही, सगळ्या टेंभुर्णीला सांगते, एवढंच तो म्हणायचा.

असं घर चालत नाही. मी अंगठी मागून घेतली आणि सराफामार्फत मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. अहवाल आला तेव्हा दोघांनाही बोलावलं. खडा तापवलेला निघाला तर बापाशी खोटेपणा केल्याचा डाग मुलाला कायमचा लागणार होता. न तापवलेला निघाला, तर दवाखाना नको म्हणणारं कोण होतं, एवढाच प्रश्न उरणार होता, आणि त्याचं उत्तर वहिनीला माहीत होतं.

चहा आला. मुलगा मोबाइल बघत होता. वहिनी माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "साहेबास्नी येळ हाय का इचारा."

"रजा टाकून आलोय."

"बापाला दवाखान्यात न्यायला बी रजा टाकूनच आल्तास की. गेलास मातूर खडा आणाया."

"तूच पाठवलंस, आई."

सराफानं चष्मा लावला आणि कागद वाचला. खडा सिलोनचा, निदान प्रयोगशाळेचं मत तसं. तापवल्याची खूण नाही. खड्याच्या पोटात केसासारख्या बारीक सुया असतात, आचेनं त्या विरघळतात. यात जशाच्या तशा आहेत. त्याचा चेहरा खुलला होता. असा माल आमच्याकडे क्वचित येतो, ताई, असं तो कौतुकानं सांगायला लागला. मग त्यानं सहज विचारलं, केवढ्याला घेतला? वहिनीनं आकडा सांगितला. त्यानं मान हलवली. तेवढ्यात न तापवलेला येणं शक्य नाही, कुणीतरी वर भर घातली असणार.

मुलगा रस्त्याकडे बघत होता. "उरलेले मी घातले," तो म्हणाला. "अण्णा अस्सल आण म्हणाले होते."

वहिनीनं अंगठी उचलली, उजेडात धरली आणि परत तबकात ठेवली. रडली नाही. तिनं सराफालाच विचारलं, "मग ह्ये कशानं गेलं?"

सराफ माझ्याकडे बघायला लागला. मुलाला उत्तर देता आलं असतं. तो पाणी प्यायला, माझ्या पाया पडला आणि पुण्याची गाडी आहे म्हणून निघून गेला. आईच्या पाया पडायला वाकला होता, पण तिचं लक्ष नव्हतं, की तिनं दाखवलं नाही, मला सांगता येणार नाही.

एसटी स्टँडवर टेंभुर्णीच्या गाडीची वाट बघताना ती बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तापवल्याला निघाला असता तर बरं झालं असतं, वन्सं." मी तिला गाडीत बसवून दिलं.

अंगठी सराफाच्या तिजोरीतच आहे. तो चांगल्या भावानं घ्यायला तयार आहे. वहिनी म्हणते, ती वस्तू दारात आणू नका. मुलगा म्हणतो, पैसे आईला द्या, मला एक रुपया नको. अंगठीचं मी बघेन, तो व्यवहार आहे, होऊन जाईल. वहिनीनं मुलाला फोन करायचा आहे. तेवढं तिलाच करायला हवं, तिच्या वतीनं मला करता येत नाही. दर रविवारी विचारते. करते म्हणते. अजून केलेला नाही.