काकूंचा गुडघा आणि माझी जाळी

बडनेऱ्याच्या आमच्या घरमालकीण काकूंच्या अंगात जितक्या परक्या वस्तू सुखाने नांदतात, तितकी सख्खी माणसं कुठल्या घरात नांदत असतील असं मला वाटत नाही. उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा, डाव्या मनगटात स्टीलची पट्टी आणि दोन्ही डोळ्यांत भिंगं. काकू या सगळ्यांना ‘माहे भाडेकरू’ म्हणतात आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या माझ्यासारख्या खऱ्या भाडेकरूपेक्षा त्यांचीच विचारपूस जास्त करतात. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. गडहिंग्लजकडून गुळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून अमरावतीला आलो आणि इथल्या फळबाजारात संत्र्याची कॅरेट उचलायला राहिलो तो राहिलोच. शरीराच्या आत काय चालतं ते जे थोडंफार कळलंय, ते काकूंच्या ओसरीवर बसून. तेही घाबरत घाबरत, कारण घाबरणं हा माझा जुनाच धंदा आहे.

नवा गुडघा घरी आला तेव्हा काकूंनी उंबऱ्यात त्याला ओवाळलं होतं. स्वतःचाच पाय पुढे करून, स्वतःच्याच हाताने, कुंकू लावून. मग डाव्या, जुन्या गुडघ्याला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही ओवाळलं. गुडघ्याचा एक्स-रे त्यांनी पूर्वेच्या खिडकीला टांगलाय, म्हणजे सकाळच्या उन्हात तो आपोआप उजळतो. शेजारी काकांचा हार घातलेला फोटो. नवा माणूस आला की ओळख ठरलेली: “हा माहा गुडघा. अन् थे माहे मालक.” गुडघ्याचा नंबर पहिला का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “चालवते कोण मले आता? थे का हा?”

पण काकूंचं खरं शास्त्र बगिच्यातलं. वरूडकडच्या त्यांच्या माहेरी संत्र्याचा बगीचा. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचं काम त्यांनी लहानपणापासून केलेलं. त्यामुळे गुडघा बसवणाऱ्या अकोल्याच्या डॉक्टरांनी “शरीराला या सांध्याची सवय होऊ द्या” एवढं सांगताच काकूंना पुढचं सगळं न सांगता समजलं. हे कलमच की! आणि बहार धरायचा तर संत्र्याला काय करतात? पाणी तोडतात, ताण देतात. काकूंनी स्वतःला ताण द्यायला सुरुवात केली. ऐन वैशाखात, जेव्हा आमच्याकडे कावळेसुद्धा नळाखाली बसून असतात, तेव्हा काकू ओठ ओले करण्यापुरतं पाणी घेऊन पायाकडे पाहत बसल्या. व्हायचं तेच झालं. अंगणात तुळशीपाशी चक्कर येऊन पडल्या आणि सलाईन लावून घ्यायला पुन्हा अकोल्याला गेल्या.

“काकू, तुम्ही झाड नाही!” डॉक्टर ओरडले.

“मी झाड असतो तं इतका बोंबललाच नसता तुमी,” काकू म्हणाल्या.

मग त्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून नीट समजावलं. मी काकूंची पिशवी धरून उभा होतो. शरीरात काही परकं शिरलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, त्याला खायला बघतात. धातू काही खाल्ला जात नाही. मग चार-सहा पेशी एक होऊन मोठी पेशी बनते, तिलाही जमत नाही. शेवटी थकून त्या वस्तूभोवती पातळ पापुद्रा विणतात आणि आपल्या कामाला लागतात. मात्र वस्तूवर जंतू बसले, तर कधी कधी ती काढावीच लागते. काकूंनी यातला पहिला भाग घरी नेला, मी शेवटचा.

आणि मग माझीच पाळी आली. कॅरेट उचलता उचलता जांघेत गाठ आली. हर्निया. आत जाळी बसवावी लागेल, इथले डॉक्टर म्हणाले. अमरावतीत दवाखाने काय कमी आहेत? पण काकूंनी अकोल्याचाच हट्ट धरला. “माह्या गुडघ्याच्या डॉक्टरले तुह्या घरची माहिती आहे,” म्हणाल्या. माझं घर त्या डॉक्टरांनी कधी पाहिलं होतं कोण जाणे. ऑपरेशन त्यांच्याच दवाखान्यातल्या पोटाच्या सर्जननी केलं, छान झालं. आईला मी काही कळवलं नाही. तिला लांबून काळजी करण्यापलीकडे काय करता आलं असतं? आणि घरी आल्यावर काकूंनी, ताणाचा अनुभव वाईट आल्यामुळे, माझ्यावर उलटा प्रयोग केला: पाणी सोडलं. घटकेघटकेला तांब्या. मी तर अर्धा दिवस मोरीच्याच वाटेवर असायचो.

आठवडाभरात टाक्यांपाशी मऊ फुगवटा आला. झालं! अंगाने जाळी बाहेर टाकायला घेतली, हे मला पक्कं समजलं. आता ओझं उचलणं संपलं, आणि मला दुसरं येतं काय? मी पिशवी भरली.

“कुठं चालला बे?”

“गावी. जाळी निघतेय काकू.”

“अन् गावाले काय नवीन पोट देतात? ताप आहे का?”

“नाही.”

“लाल झालं?”

“नाही.”

“मंग काहून रडून राहिला? चाल अकोल्याले.”

एसटीत मूर्तिजापूर येईस्तोवर माझी जांघ हा सार्वजनिक विषय झाला होता. पुढच्या बाकावरच्या बाईने हळद सुचवली, कंडक्टरने एरंडाचं पान. काकूंनी दोघांनाही “डॉक्टर तुमी का थे?” म्हणून गप्प केलं. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि लाजेने कानापर्यंत तापलो होतो.

डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं. “थोडं पाणी साचलंय. आपोआप जिरेल. अंग जाळीशी भांडतंय, भांडू दे. त्या भांडणातच जाळीच्या भोकांमधून नवं मांस विणलं जातं. ते झालं नाही तर जाळी टिकायची कशी?”

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “समजलं? आधी भांडते, मंग घरचं करते. आमच्या वऱ्हाडात आणखी काय चालते?”

फुगवटा जिरला. तरी ओझ्याला हात लावायला माझा धीर होईना. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही मी बाजारात नुसता पेट्यांच्या पट्ट्या ठोकत, फळं निवडत बसायचो. एक दिवस उन्हाच्या आधी काकू रिक्षातून बाजारात उतरल्या. ट्रकपाशी लंगडत येऊन एका रिकाम्या पेटीवर बसल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मी वाकलो. श्वास धरला. भरलेलं कॅरेट गुडघ्यावर, मग छातीवर, मग ट्रकच्या फळीवर. आत कुठे काही तटकलं नाही. मी मागे पाहिलं तर काकू पदराने भिंगवाले डोळे पुसत होत्या. “धूळ लय आहे इथं,” म्हणाल्या, आणि रिक्षात बसून निघून गेल्या.

दुपारी आईला फोन केला. जाळीचं आताही नाही सांगितलं. संत्र्याचा भाव सांगितला, ऊन सांगितलं.

“आवाज बरा येतोय की तुजा आज,” आई म्हणाली. “जेवलास न्हवं? तितं कोण हाय का रं आपलं, बघणारं?”

“हाय,” मी म्हणालो. आणि काकूंनी स्वतःच्या गुडघ्याला ओवाळलं होतं, तिथून सांगायला सुरुवात केली.