शपथभावाला मारलेला दगड

साबूच्या झाडाच्या गाभ्याचं पीठ अर्धंच चाळून झालं होतं, पण लाम्बेर्ताचा हात पुढे चालेना. एकदा चाळणी हलवायची, एकदा समुद्राकडे बघायचं, असं पहाटेपासून चाललं होतं.

काल दुपारी तिच्या परसातल्या माडावर कुणीतरी शहाळी तोडत होतं. तिने खालून चोर, चोर म्हणत दगड भिरकावला. तो नडगीला बसला. माणूस उतरला, रक्त पुसलं आणि होडीकडे गेला. शेजारणीने ओळखलं, तो खाडीपलीकडच्या मुसलमान गावातला रुस्लान.

लाम्बेर्ताचं ख्रिस्ती गाव आणि ते गाव पणजोबांच्या वेळेपासून शपथेने भाऊ. भावाने झाडाचं काही नेलं तर बोलायचं नसतं, आणि त्याचं रक्त सांडलं तर शपथ मोडते. नव्या चर्चचं आढं आज त्यांच्याच खांद्यावरून चढायचं होतं. ते आले नाहीत तर आढं अंगणात पडून राहणार, आणि गावागावांत काय पेटेल ते सांगता येत नव्हतं.

बेटावर देवाचं नाव घेऊन दोन्ही धर्मांचे लोक घरं जाळत होते, त्या वर्षी तिला पाचवा महिना होता. रुस्लानच्याच गावाने तिला मशिदीमागच्या खोलीत नऊ दिवस लपवलं होतं. आणि आता दगड तिच्या हातचा. सकाळच्या प्रार्थनेत क्षमा मागायचीही तिला लाज वाटली. नवरा एलियास म्हणाला, एवढा नेम कधी घरातल्या उंदरांवर धरला नाहीस.

नऊच्या सुमारास तीन होड्या लागल्या. पहिल्या होडीतून रुस्लान लंगडत उतरला. लाम्बेर्ता पिठाच्या हातांनीच धावली.

"ताई, चूक माझी," तोच आधी म्हणाला. "चढायच्या आधी खालून हाक द्यायची रीत आहे, ती मी विसरलो. आजोबांना खरं सांगितलं, तर त्यांनी या वयात माझा कान पिळला."

"आणि बाकीच्या गावाला?"

"बायकोने सांगितलंय, माडावरून घसरला. तुझी अब्रू राखली तिने, माझी घालवली. आता पोरंसुद्धा हसतात मला."

लाम्बेर्ताला हसू आलं, मग रडू आलं. तिने वाकून त्याच्या पायाची पट्टी नीट बांधली.

दुपारच्या आत आढं चढलं. आपले पाद्री आणि त्यांचे इमाम खाली उभे राहून, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, करत एकमेकांवर खेकसत होते. लाम्बेर्ताने छाती भरून श्वास घेतला.

चाळीस माणसांच्या चहाला घरातली साखर पुरणार नव्हती. ती पिशवी घेऊन दुकानाकडे निघाली.