डॉक्टरांच्या हातात

आमचं बौद्ध घर राहात्यातलं, शिर्डीच्या वाटेवरचं. देवाचं नाव घरात चालत नसे. ‘देवाच्या कृपेनं पास झाले’ म्हटलं, की वडील खेकसायचे, ‘अभ्यासानं झालीस म्हण!’ कुणी आजारी पडलं, तर ‘देवाच्या हातात’ न म्हणता ‘डॉक्टरांच्या हातात’ म्हणायचं, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

नव्वद सालानंतर कधीतरी आईचं नगरला ऑपरेशन झालं. शेजारच्या काकूंनी आणलेली उदीची पुडी वडिलांनी घेतली नाही. ‘डॉक्टरांच्या हातात हाय आता,’ एवढंच म्हणाले. मी तेच वाक्य घोकत बाकावर बसले.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, ‘आम्ही आमच्या परीनं केलं. आता सगळं देवाच्या हातात.’

वडील माझ्याकडे बघत राहिले. आमच्या घरात याच्या पुढचं वाक्यच नव्हतं.