अर्धी पुडी गंगारामची

"बाबा, तुम्हाला व्हिटॅमिन डी डेफिशियन्सी आहे," मुरबाडचे डॉक्टर बोलले. मी मान हलवली. कळलं नाय की मी मान हलवतो, म्हणून लोकांना शाना वाटतो.

मग त्यांनी फोडून सांगितलं. हाडांना नि मांसाला ताकद यायला हे जीवनसत्त्व लागतं, ते उन्हानं चामडीत बनतं. म्हातारी चामडी कमी बनवते.

"डॉक्टर, साठ वर्षं भातात राबलो. माझ्याइतकं ऊन कोणी खाल्लं?"

"ते आता उरलं नाही. हल्ली दिवसभर कुठे असता?"

काय सांगू? टोकावड्याकडं आमचा वृद्धाश्रम. तिथं तीन वर्षं हॉलमधी पत्ते कुटत होतो. हरत पण होतो.

पहिलं मांड्या दुखल्या. मग एक दिवस संडासात बसलो तो बसलोच. दोघांनी उचलून बाहेर काढला. मी हसलो, पण आतनं जाम घाबरलो. आश्रमाचा नियम, स्वतः उठतो तोच तिथं ऱ्हातो. माझा एकच भाचा, वाशिंदला, एका खोलीत पाच माणसं. सहावा मी काय फळीवर झोपू? मॅनेजर बोलले, "दोन महिने बघू."

रक्त तपासायला कल्याणला गेलं होतं, रिपोर्टला आठ दिवस लागले. औषध साधंच. कॅल्शियमची गोळी रोज, नि या व्हिटॅमिनच्या पावडरची पुडी आठवड्याला एक, दुधातनं. आश्रमाच्या नर्स, शेणवे गावच्या निर्मला सिस्टर, दर सोमवारी पुडी आणून द्यायच्या.

सहा आठवडे झाले तरी मांड्या तशाच. सिस्टर रिपोर्ट उलटापालटा करून बघत होत्या. "औषध लागू का पडत नाही?"

शेजारच्या खाटेवरचा गंगाराम बोलला, "पुडी चांगली हाय, सिस्टर. माझ्या अर्ध्या दुधाला पण गोडी येते."

मेल्यानं गुपित फोडलं. त्याचे पण गुडघे दुखायचे. तंबाखू अर्धी-अर्धी खाणारे आमी, औषध एकट्यानं प्यायला बरं वाटत नव्हतं.

वाटलं, आता शिव्या. सिस्टर खाटेवर बसल्या. "बाबा, एका शेताचं खत दोन शेतांना टाकलं तर?"

"दोनी पिवळी."

"मग?"

गंगाराम बोलला, "याची शेती अशीच होती, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं मुरबाडला गेल्या. डॉक्टरांना बोलल्या, हा एकटाच नाही, आमचे सगळेच आत बसून असतात. डॉक्टर येऊन एकेकाला तपासून गेले. ज्याला लागली त्याला स्वतःची पुडी मिळाली, गंगारामला पण. बाकडी अंगणात उन्हात गेली. मॅनेजरकडनं माझ्यासाठी आणखी दोन महिने सिस्टरनीच मागून घेतले. सोमवारी माझा पेला रिकामा होईस्तोवर समोर उभ्या ऱ्हायच्या.

म्हणून सांगतो, तुमच्या घरचा म्हातारा उठता-बसता कण्हत असेल तर वय झालं बोलून सोडू नका. डॉक्टरला दाखवा. नि औषध कोणाला वाटू नका, ती दया माझ्यासारख्या अडाण्याची.

मुदत संपली त्या सकाळी मी संडासात, बाहेर मॅनेजर, सिस्टर, गंगाराम. एवढी माणसं माझ्या लग्नात पण माझी वाट बघत नव्हती. गुडघ्यावर हात ठेवला. भिंतीला जरा टेकलो, खोटं का बोलू. पण उठलो.

दार उघडलं. मॅनेजर बोलले, "रहा, बाबा."

सिस्टर बोलल्या, "आधी हात धुवा."

धुतले, साबणानं. त्या बाईचं ऐकायला आता मला कारण लागत नाय.